जास्तीचा कोंबडा, वाढलेलं डुक्कर: विकायला निघण्याआधी

मोहोळ तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर कोंबड्या माझ्या आणि डुकरं ह्यांची, अशी वाटणी आहे. पन्नासच्या आतबाहेर कोंबड्या, दोन माद्या आणि त्यांची पिल्लं. याला कोणी पोल्ट्री म्हणणार नाही की वराहपालन प्रकल्प म्हणणार नाही. ज्वारी, तूर आणि थोडा कांदा यांच्या कडेला चाललेला हा संसार. तरी वर्षातून तीन-चार वेळा खुराड्यात पाय ठेवायला जागा उरत नाही आणि मग प्रश्न येतो, आता हे द्यायचं कुणाला?

पाळायचं कसं हे सांगणारे रग्गड भेटतात. विकायचं कसं हे कोणी सांगत नाही. पहिल्या वर्षी माझे चौदा कोंबडे पाच महिन्यांचे झाले तरी मी "अजून भरतील की" म्हणून ठेवले. श्रावण लागला. कोणी विचारीना. आपापसात भांडून तुरे रक्ताळले, तलंगांची, म्हणजे अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांची, पाठ सोलली आणि शेवटी भाद्रपदात जो आला त्याने सांगितलेल्या भावात गेले. सासूला आम्ही आत्या म्हणतो. आत्या एवढंच म्हणाल्या, "विकायचा दिस तू न्हाई ठरवलास, मग गिऱ्हाइकानं ठरवला." पुढचं सगळं त्या एका वाक्यावरून शिकलेलं आहे.

पहिली पायरी: जास्तीचं कोणतं, ते लवकर ठरवा

देशी कोंबडीखालून निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. म्हणजे बाकीचे सगळे नर जन्मतःच विक्रीचे. अडीच-तीन महिन्यांत तुरा लाल होऊ लागतो, शेपटीची पिसं लांब वळतात, तेव्हा नर ओळखू येतात. त्याच आठवड्यात एकदा सगळ्यांना हातात धरा, वंशाला ठेवायचा एक उमदा कोंबडा निवडा, आणि विकायच्या पक्ष्यांच्या पायात रंगीत दोरा सैलसर बांधा. पाय जाड होत जातो, म्हणून पंधरा दिवसांनी दोरा तपासायचा.

दोरा का बांधायचा? कारण दारात गिऱ्हाईक उभं असताना माणूस लाजेनं किंवा घाईनं नको ते देऊन बसतो. माझी सगळ्यात चांगली अंडी देणारी कोंबडी अशीच एका पावण्याच्या पिशवीतून गेली.

तलंग शक्यतो विकू नका. खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही म्हणून तिच्यावर रागावून तिला विकायची घाई करू नका, कारण ती तुमचं बिनविजेचं उबवणी यंत्र आहे. एकवीस दिवस ती जे करते ते करायला बाजारातल्या यंत्राला वीज लागते, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. अंडी कमी झालेल्या, दोन वर्षांपुढच्या कोंबड्या मात्र खुशाल काढा. म्हाताऱ्या कोंबडीच्या रश्श्याला खास गिऱ्हाईक असतं. शिजायला वेळ लागतो हे त्याला आधी सांगायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी तक्रार येत नाही.

आता खाण्याचा हिशेब. वाढलेला देशी कोंबडा उकिरड्यावर कितीही चरला तरी दिवसाला आपल्या हातचं ऐंशी-नव्वद ग्रॅम धान्य मागतो. पंधरा कोंबडे एक महिना जास्त ठेवले की चाळीस किलो ज्वारी किंवा मका गेला. त्या महिन्यात ते वजनानं किती वाढले ते मोजून बघा. चार-साडेचार महिन्यांनंतर देशी कोंबडा खातो पुष्कळ आणि भरतो थोडा. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जाती लवकर भरतात, त्यांना चांगलं खाद्य असेल तर तीन महिन्यांतच बाजार दाखवावा.

डुकराचं गणित याहून सरळ आहे, कारण तिथं तारीख आधीच कळते. मादीचा गाभण काळ ११४ दिवसांचा. आमच्याकडे तो "तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस" असा लक्षात ठेवतात. १ जानेवारीला फळलेली मादी २५ एप्रिलच्या सुमारास विते, आणि ती पिल्लं बरोबर नाताळात आठ महिन्यांची होतात. डुकराला वर्षात सगळ्यात जास्त मागणी तेव्हा असते. म्हणजे नाताळची विक्री आदल्या जानेवारीतच सुरू होते. कॅलेंडरवर मादी दाखवल्याची तारीख लिहीत नसाल तर हा फायदा सोडून द्यावा लागतो.

दोन मार्ग आहेत. दूध तुटल्यावर, दीड-दोन महिन्यांची पिल्लं विकायची, किंवा पोसून ऐंशी-नव्वद किलोपर्यंत न्यायची. पिल्लं विकण्यात पैसा कमी, पण डोक्याला ताप कमी आणि खाद्य वाचतं. नवख्यानं पहिल्या वेताची निम्मी पिल्लं लहानपणीच द्यावीत, असं माझं मत. ह्यांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात सगळी पोसायची. गेल्या वेळी खाद्याची उधारी कोणी फेडली ते मी इथं लिहीत नाही.

पोसायची असतील तर एक गोष्ट लहानपणीच उरकावी लागते. पैदाशीला न ठेवायचे नर दोन ते चार आठवड्यांच्या वयात डॉक्टरांकडून खच्ची करून घ्या. मोठ्या झालेल्या बिनखच्ची नराच्या मटणाला शिजताना उग्र वास येतो आणि जाणतं गिऱ्हाईक तो नर बघताच भाव पाडतं. आणि शंभर किलोच्या पुढं डुक्कर ठेवण्यात अर्थ नाही. दिवसाला तीन किलो खाद्य जातं आणि अंगावर चरबी चढते.

दुसरी पायरी: स्वतःचा काटा

दुसऱ्या वर्षी एक व्यापारी दारात आला. त्याचा लटकता काटा. कोंबडा टांगला, "मालकीणबाई, दोन किलो भरंना की!" दीड किलोच्या वर एकही कोंबडा भरला नाही. संध्याकाळी उरलेला एक किराणा दुकानातल्या काट्यावर नेऊन ठेवला तर एक किलो आठशे. त्या एका संध्याकाळी काटा विकत घेण्याइतका पैसा गेला होता.

पन्नास किलोपर्यंतचा डिजिटल लटकता काटा घ्या. घरच्या वजनासाठी तो पुरतो. बाजारात बसून स्वतः मोजून विकणार असाल तर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलाच काटा लागतो आणि त्याची दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. काटा तपासायला सोपी युक्ती म्हणजे पाण्यानं भरलेली पाच लिटरची घागर. आधी रिकामी तोला, मग भरून. फरक पाच किलो यायला हवा. व्यापाऱ्याच्या काट्यालाही हीच घागर लावायची. कोणाचा अपमान होत नाही, हसत हसत काम होतं.

तोलण्याआधी कोंबड्याला पोटभर दाणे घालून वजन वाढवायच्या फंदात पडू नका. घेणारा गळ्याखालची पिशवी चाचपतो आणि मग जेवढं तुम्ही भरलं त्याच्या दुप्पट वजन कापतो.

साठ-सत्तर किलोचं डुक्कर टांगणार कसं? त्यासाठी शिंप्याची टेप. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या, आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत पाठीची लांबी घ्या. दोन्ही मीटरमध्ये. घेराला घेरानं गुणा, आलेल्याला लांबीनं गुणा, मग ६९.३ नं गुणा. घेर ०.९५ मीटर आणि लांबी १.०५ मीटर असेल तर वजन साधारण ६६ किलो येतं. जनावर शांत उभं असताना, पाटीत थोडं खाद्य टाकून माप घ्यायचं. चार-पाच किलो इकडेतिकडे होतं, पण "पन्नास भरंल" म्हणणाऱ्यासमोर गप्प बसायची पाळी येत नाही.

तिसरी पायरी: पंचांग बघून विका

कोंबडीचा भाव आपल्याकडे तिथीवर चालतो. आषाढ म्हणजे आखाड. मरीआई, म्हसोबा, लक्ष्मी यांना कोंबडा लागतो, आणि आखाडातल्या मंगळवारी-शुक्रवारी गावरान कोंबडा शोधून सापडत नाही. पण आपला जिल्हा पंढरीचा. माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी अशी येते आणि तुकोबांची अकलूजवरून. त्या दिवसांत त्या वाटेवरच्या गावांत कोंबडी घेऊन फिरणं म्हणजे शिव्या खायची तयारी. तुम्ही माळशिरस-पंढरपूरकडचे असाल तर एकादशी होऊ द्या. एकादशी ते अवस हे जे एकोणीस दिवस मिळतात, ते वर्षाचे सगळ्यात कमाईचे. दिव्याच्या अवसेला, म्हणजे ज्याला पोरं गटारी म्हणतात, त्या दिवशी शेवटचा कोंबडा गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि पुढचा महिनाभर तुमचे कोंबडे फुकट खातात.

मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र. घट उठले की दसऱ्याच्या पुढं पुन्हा हालचाल. मार्गशीर्षातले गुरुवार सोडून बाकी दिवस चालतात. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. गर्दी बघून भुलू नका, ती यात्रा आपल्या मालाची नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशीची धुळवड मात्र हक्काची. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा आणि कंदुऱ्या, म्हणजे नवसाची मटणाची जेवणं, येतात, त्यात मान बोकडाचा असला तरी पावणेरावळे वाढले की कोंबड्याचीही वर्णी लागते.

आठवड्यात रविवार, बुधवार, शुक्रवार हे खायचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवार बहुतेक घरी पाळतात. म्हणून गिऱ्हाइकाला शनिवारी संध्याकाळी माल पोचला पाहिजे, रविवारी दुपारी नव्हे.

यावरून उलटं मोजा. आषाढात साडेचार महिन्यांचे कोंबडे हवे असतील तर शिवरात्रीच्या आसपास पिल्लं निघाली पाहिजेत, म्हणजे माघाच्या सुरुवातीला कोंबडी बसवायची. एवढं साधं आहे, पण मला कळायला दोन आखाड गेले.

चौथी पायरी: गिऱ्हाईक कोण

दारावर येणारं गिऱ्हाईक सगळ्यात चांगलं. नोकरीवाले, शिक्षक, सोलापुरातून रविवारी गाडी घेऊन येणारे. ते नगावर घेतात, किलोवर घासाघीस करत नाहीत, आणि एकदा चव लागली की पुन्हा येतात. त्यांच्यासाठी मी शुक्रवारी मोबाइलच्या स्टेटसला फोटो टाकते: कोंबडा, त्याच्या बाजूला काट्यावरचा आकडा आणि किंमत. आकडा दाखवला की फोनवरचे निम्मे प्रश्न संपतात. फोटोत घराचा पत्ता टाकू नका. कोंबडीचोर पण स्टेटस बघतात.

अशा गिऱ्हाइकाचा ठरलेला प्रश्न, "दुकानात तर एवढ्याला किलो मिळतं, तुम्ही जास्त का?" तेव्हा दोन गोष्टी सांगायच्या. दुकानातलं बॉयलर सहा आठवड्यांचं, हा साडेचार महिन्यांचा. आणि दुकानाचा भाव कापलेल्या मटणाचा असतो, आपला जिवंत कोंबड्याचा. पिसं, आतडी, पाय काढून दोन किलोच्या कोंबड्याचं एक किलो तीनशे-चारशेच्या घरात मटण पडतं. हे लपवू नका, स्वतःच सांगा. ज्याला परवडत नाही तो तिथंच जातो, बाकीचा विश्वासानं घेतो.

पुणे-सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे ढाबे हे दुसरं गिऱ्हाईक. "गावरान" अशी पाटी लावलेल्या ढाब्याला खरं गावरान लागतंच. मालकाशी आठवड्याला किती नग, किती वजनाचे, कोणत्या वारी, हे आधी बोलून घ्या. अडचण एकच, उधारी. एका ढाब्यावर माझे आठ कोंबड्यांचे पैसे चार महिने अडकले होते. दर वेळी गेलं की चहा मिळायचा, पैसे नाहीत. आता माझा नियम आहे की मागच्या खेपेचे पैसे हातात आल्याशिवाय पुढची खेप गाडीतून उतरवायची नाही.

चिकनचं दुकान तिसरं. भाव कमी मिळतो, पण एका फेरीत दहा-पंधरा नग जातात आणि रोख. दुकानदार बहुतेक स्वतः हलाल करतो, त्याला जिवंत, धडधाकट पक्षी हवा. पाय मोडलेला, मरगळलेला चालत नाही.

आठवडी बाजार शिकण्यासाठी चांगला. सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे, पण पहिल्यांदा तिथं माल घेऊन जाऊ नका. जवळच्या छोट्या बाजारात रिकाम्या हातानं जा. कोण डालगं, म्हणजे कोंबड्यांची टोपली, घेऊन बसतंय, कोण घेतंय, सकाळी काय भाव बोलतात आणि दुपारी उन्हं चढल्यावर काय, हे दोन बाजार नुसतं बघा. दुपारी बारा वाजता परत न्यायची इच्छा नसलेल्या माणसाकडून व्यापारी काय भावानं उचलतो, ते डोळ्यांनी बघितलं की तुम्ही सकाळी सातला पोचायला शिकता.

देवाला सोडायच्या कोंबड्यात रंग बघतात. कोणाला लाल हवा, कोणाला काळा, कोणाला पांढरा. म्हणून सगळे एका रंगाचे ठेवू नका. उलट्या पिसांच्या कोंबडीला कोणी एकदम दुप्पट देऊ लागला तर तो ती खाणार नाही, करणी-उताऱ्याला नेणार, हे समजून घ्या. द्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी देत नाही.

अंड्यांचं थोडक्यात: पोल्ट्री फार्मच्या अंड्याचा दर राष्ट्रीय अंडी समन्वय समिती रोज जाहीर करते, पण गावरान अंडं त्याला बांधलेलं नाही. थंडीत चढं, उन्हाळ्यात उतार. धुऊन विकू नका, धुतलं की लवकर खराब होतं. कोरड्या फडक्यानं पुसा. जुनं वाटलं तर पाण्यात सोडा. तरंगलं तर घरातही वापरू नका, गिऱ्हाइकाला तर नकोच.

पाचवी पायरी: डुक्कर विकणं वेगळं

कोंबडीचं गिऱ्हाईक गल्लीत सापडतं, डुकराचं शोधावं लागतं. आपल्या भागात वडार, कैकाडी कुटुंबांत पिढ्यानपिढ्या डुकरं पाळली जातात. भाव, वजन, जनावराची पारख, कोणता व्यापारी कधी येतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. आम्ही पहिल्यांदा शिकलो ते सोलापुरातल्या एका म्हाताऱ्या मामांकडून. त्यांनी डुकराच्या पाठीवर हात फिरवून वजन सांगितलं, टेपेनं मोजलं तर तीन किलोचा फरक. अशा माणसाशी ओळख ठेवा, आणि ती नुसती कामापुरती नको.

मोठा व्यापारी दोन डुकरांसाठी गाडी घेऊन येत नाही. आला तरी गाडीभाडं तुमच्या भावातून कापतो. म्हणून आसपासचे तीन-चार पाळणारे मिळून दहा-बारा जनावरं एकाच दिवशी तयार ठेवा आणि मग फोन करा. मग भाव तुम्ही बोलता, तो ऐकतो. भाव जिवंत वजनावर ठरतो. ठरला की इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्या, तारीख घ्या, आणि त्या तारखेनंतर रोजचं खाद्य कोणाच्या नावावर ते पण बोलून घ्या. पुण्याकडं आणि हैदराबादेकडं माल नेणारे "परवा येतो" म्हणून पंधरा दिवस लावतात. पंधरा दिवसांत एक डुक्कर चाळीस-पंचेचाळीस किलो खाद्य खातं.

घरी कापून मटण विकायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. शहराच्या हद्दीत परवाना असलेल्या कत्तलखान्याबाहेर कत्तल चालत नाही. मटण विकायला अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, आणि शेजारीपाजारी वाद होतात ते वेगळंच. छोट्या पाळणाऱ्यानं जिवंतच विकावं.

डुक्कर काळं देशी असेल तर आणखी एक काळजी. रानडुकराची शिकार आणि त्याच्या मटणाची विक्री हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. रात्री गाडीत काळं जनावर दिसलं की लोक अडवतात, व्हिडिओ काढतात. कानातला बिल्ला, पिल्लापासूनचे दोन-चार फोटो आणि डॉक्टरांचा दाखला जवळ असला तर पाच मिनिटांत वाट मोकळी होते.

आणि ही गोष्ट ठळक अक्षरांत लिहिल्यासारखी वाचा: ज्या गाडीतून डुक्कर नेलं, त्या गाडीतून कोंबड्या नेऊ नका. आमच्याकडून एकदा हे झालं. चिकनच्या दुकानातल्या चाचांनी कोंबड्या उतरवून घेतल्या नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांचा धर्म, त्यांचं गिऱ्हाईक. आम्हीच सांगायला हवं होतं. आता पिंजरे वेगळे, गाडी वेगळी, दिवस वेगळा. याला दुसरं कारणही आहे. पक्ष्यांचा फ्लू आणि माणसाचा फ्लू दोन्ही डुकराला होऊ शकतात, म्हणून वस्तीवरसुद्धा खुराडं आणि डुकरांचा गोठा एकमेकांपासून लांब हवा.

सहावी पायरी: ऊन आणि वाट

सोलापूरचा उन्हाळा कोणाला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता मी मोटारसायकलवर पोत्यात घालून नऊ कोंबडे नेले होते. सोलापुरात पोचले तेव्हा चार जिवंत होते. पोतं नको, पायाला दोरी बांधून हँडलला उलटं टांगणं तर मुळीच नको. जाळीचा प्लॅस्टिक क्रेट घ्या, त्यात पक्ष्यांना बसता आलं पाहिजे आणि हवा आरपार गेली पाहिजे. पहाटे पाचला निघा. निघण्याआधी तीन-चार तास दाणे बंद, पाणी मात्र शेवटपर्यंत.

डुकराला माणसासारखा घाम येत नाही. उन्हात धावलं, ओढाताण झाली की ते बसतं आणि उठत नाही. भरताना कान किंवा शेपूट धरून ओढू नका. गाडीला उताराची फळी लावा, पुढं खाद्याची बादली आणि मागं एक रुंद फळी धरून माणूस. फळी हळूहळू पुढं सरकवली की ते आपसूक चढतं. तळाला ओला भुसा किंवा ओलं पाचट, वर सावली, गर्दी नाही.

सातवी पायरी: कागद, आणि आजाराचा दिवस

प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत २००१ साली कोंबड्या आणि डुकरांसाठी वेगळी प्रकरणं जोडलेली आहेत. तालुक्याबाहेर डुकरं न्यायची तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून आरोग्य दाखला घ्या. राज्यात १ जून २०२४ पासून कानात बारा अंकी बिल्ला असल्याशिवाय पशुधनाची खरेदी-विक्री करू नये असा नियम आहे. दवाखान्यात आधीच जाऊन बिल्ला मारून घ्या, व्यापारी दारात उभा असताना डॉक्टर सापडत नाहीत. विक्रीची साधी पावती द्या: तारीख, नग, वजन, रक्कम, बिल्ल्याचा नंबर, दोघांच्या सह्या.

औषध चालू असलेलं जनावर विकू नका. प्रतिजैविकाच्या बाटलीवर किती दिवस मटण-अंडी वापरू नयेत ते लिहिलेलं असतं, नाहीतर डॉक्टरांना विचारा. लसीच्या तारखा वहीत लिहा. कोंबड्यांना मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा दोन महिन्यांच्या आत. डुकरांना क्लासिकल स्वाइन फीवरची. ही वही गिऱ्हाइकाला दाखवली की पिल्लांना भाव चांगला मिळतो.

आता मोहाचा क्षण. सकाळी दोन कोंबड्या मान टाकून पडलेल्या, आणि मनात येतं, बाकीच्या आजच विकून टाकू. नका करू. तो रोग तुमच्याबरोबर बाजारात जाईल आणि तिथून दहा गावांत. १९६२ वर फोन करा, पशुवैद्यकाची फिरती गाडी येते. डुकरांत तर आणखी जपा. आफ्रिकन स्वाइन फीवर देशात पहिल्यांदा २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात आढळला. तो माणसाला होत नाही, पण डुक्कर क्वचितच वाचतं. हॉटेलचं उष्टं घालत असाल तर अर्धा तास खळखळून उकळा आणि त्यात डुकराच्या मटणाचं काही नको.

अफवेचा दिवस वेगळा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला, २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात, आणि २०२० च्या मार्चमध्ये तर कोरोनाच्या नुसत्या अफवेनं कोंबडी कोणी फुकट घेईना. रोग निघालेल्या जागेपासून एक किलोमीटरचा बाधित भाग आणि दहा किलोमीटरपर्यंतचा पाळतीचा भाग ठरतो. त्यात तुम्ही असाल तर विक्री बंद, वाद नाही. बाहेर असाल तर घाबरून मातीमोल भावानं देऊ नका. दाणे आवरा, अंडी घरात खा, महिनाभर थांबा. नीट शिजवलेल्या मटणातून हा रोग लागत नाही हे गिऱ्हाइकाला सांगा, पण घ्याच असा आग्रह करू नका.

शेवटची पायरी: परत आल्यावर

विकलं, पैसे मोजले, की काम संपलं असं वाटतं. बाजारातून परत आणलेला, न खपलेला कोंबडा थेट खुराड्यात सोडू नका. आमच्याकडे आंब्याखाली वेगळं डालगं आहे, त्यात तो पंधरा-वीस दिवस एकटा राहतो, त्याचं पाणी वेगळं आणि त्याला दाणे सगळ्यात शेवटी. क्रेट वस्तीबाहेरच साबणाच्या पाण्यानं घासून, चुना मारून उन्हात पालथे. बाजारात घातलेल्या चपला फाटकाजवळ काढायच्या. ह्यांना हे पटत नव्हतं, "शेतकऱ्यानं काय हॉस्पिटल उघडलंय का" म्हणायचे. आता डुकरांची गाडी भरून आले की स्वतःच बादली घेऊन नळाकडं जातात, आणि मग मी वही काढून बसते: किती नग, किती किलो, कोणाकडं, कोणाचे येणे बाकी.